पाठीच्या करवतीचे धातूकाम घरच्या कार्यशाळेत : पाठपट्टीची खाच, चिरेचे नट आणि पात्यातील छिद्रे

खाचकरी (धागाकर्ता)

ज्या करवतीच्या पातळ पात्याच्या वरच्या कडेवर पितळेची किंवा पोलादाची जाड पट्टी बसवलेली असते, ती पाठीची करवत. ती हाताने बनवायला घेतली की लाकडी मुठीचे काम सर्वांत अवघड, असे बहुतेकांना वाटते. माझा अनुभव उलटा आहे. मूठ बिघडली तर दुसरे लाकूड घेता येते, आणि कानस व पॉलिशकागद यांनी बरेच काही सावरता येते. पाठपट्टी, मूठ आवळणारे पितळी बोल्ट-नट आणि पात्यातील छिद्रे या तीन ठिकाणी झालेली चूक मात्र करवत जोडल्यावरच दिसते, आणि तोवर उशीर झालेला असतो. या धाग्यात या तिन्हींविषयीच बोलावे. दाते पाडणे आणि धार लावणे हे विषय इतके मोठे आहेत की ते इथे शिरले तर मूळ प्रश्न हरवून जाईल.

माझ्याकडे एक लहान उभे मिलिंग मशीन आहे, ज्याच्या टेबलाची लांबीतली चाल सुमारे ३५० मिमी आहे, आणि एक लहान लेथ आहे. पात्यासाठी मी १०९५ प्रतीचे, आधीच कडक करून टेम्पर केलेले (म्हणजे पुन्हा तापवून ठिसूळपणा घालवलेले) ०.५ मिमी जाडीचे स्प्रिंग स्टील वापरतो. त्याचा कडकपणा रॉकवेल सी मापावर ५०च्या आसपास असतो. पाठपट्टी ६ मिमी जाड, १९ मिमी उंच आणि २५० मिमी लांब अशा फ्री-कटिंग (सहज कापल्या जाणाऱ्या) पितळेची. तिच्या एका अरुंद कडेत मधोमध १० मिमी खोल आणि पात्याच्या जाडीइतकी रुंद खाच पाडून त्यात पाते बसवायचे, एवढेच काम आहे. सांगायला सोपे आहे.

खाच पाडण्यासाठी ६३ मिमी व्यासाचा आणि ०.५ मिमी जाडीचा हाय-स्पीड स्टीलचा स्लिटिंग कटर (खाचा पाडणारी पातळ, दातेरी तबकडी) घेतला. आर्बरच्या (कटर धरणाऱ्या दांड्याच्या) कॉलरचा, म्हणजे कटरला आवळणाऱ्या कड्याचा, व्यास ३० मिमी असल्यामुळे कटर जास्तीत जास्त साडेसोळा मिमी खोल जाऊ शकतो, म्हणजे १० मिमीला अडचण नाही. उभ्या मशीनवर कटर आडवा फिरत असल्यामुळे पट्टी तिच्या रुंद बाजूवर आडवी ठेवली. आर्बरच्या खालच्या स्क्रूचे डोके कटरच्या खाली सात-आठ मिमी डोकावते आणि ते टेबलाला घासेल, हे माझ्या पहिल्या वेळी लक्षातच आले नव्हते. म्हणून आता पट्टीखाली १५ मिमी जाडीची ॲल्युमिनियमची बैठक ठेवतो आणि तिची कड पट्टीच्या कडेच्या किंचित मागे घेतो. कटरचा वेग मिनिटाला ३० मीटर धरला, म्हणजे मिनिटाला सुमारे १५० फेरे.

अडचण अशी आहे की क्लॅम्प सोडल्यावर पट्टी धनुष्यासारखी वाकलेली आढळली. सरळ पट्टीला लावून पाहिल्यास २५० मिमी लांबीत मधोमध ०.७ मिमीची फट दिसते. शिवाय खाचेचे तोंड टोकांपेक्षा मध्यभागी अरुंद झाले आहे. पाते आत ठोकले तर त्याची दात्यांकडची कड नागमोडी होते. दोन पट्ट्या अशा वाया गेल्यावर तिसरी कापण्यापूर्वी इथे विचारतो आहे : दोष कटरचा, माझ्या पकडीचा, की पितळेचा?

जुना फिटर

तिघांचाही, पण समान वाट्याने नाही. मोठा वाटा पितळेचा आहे.

आपण वापरलेली पट्टी बहुधा थंड अवस्थेत साच्यातून ओढून तयार केलेली आहे. अशा पट्टीच्या पृष्ठभागात आणि गाभ्यात एकमेकांना तोलून धरणारे ताण अडकलेले असतात, आणि जोवर पट्टी अखंड आहे तोवर ते बाहेरून दिसत नाहीत. आपण एकाच कडेकडून अर्ध्याहून अधिक उंचीपर्यंत खाच पाडलीत, म्हणजे तोल एका बाजूने मोडला; पट्टी वाकणे आणि खाचेचे ओठ आत किंवा बाहेर येणे ही त्याचीच दोन रूपे आहेत. कटर कितीही सरळ चालला तरी हे टळत नाही.

उपाय असा की कापण्यापूर्वी पट्टी २६० अंश सेल्सिअसच्या आसपास सुमारे तासभर तापवून सावकाश थंड होऊ द्यावी. एवढ्या तापमानाला पितळ फारसे नरम पडत नाही, पण आतले ताण बरेच सैल होतात. पृष्ठभाग काळपटतो, तो पुढे घासताना निघून जातो. फ्री-कटिंग पितळेत तीन टक्क्यांच्या आसपास शिसे असते, तेव्हा स्वयंपाकाची भट्टी या कामाला वापरू नये. तापवल्यानंतर पट्टी तपासावी, वाकली असल्यास सरळ करावी, आणि मगच खाच पाडावी. मात्र सरळ करण्यासाठी फार ठोकाठोक केली तर नवे ताण आत जातात, म्हणून ज्या पट्टीला मुळातच मोठा बाक आहे ती या कामाला घेऊच नये, असे मी म्हणेन.

पकडीविषयी : पट्टी बैठकीवर मोकळी ठेवून तिच्या खाली फीलर गेज (फट मोजण्याची पातळ पट्टी) सरकवून पाहावे. फट असेल आणि आपण वरून क्लॅम्प आवळून ती बंद केली असेल, तर कापताना पट्टी सरळ होती आणि सुटताना ती आपल्या मूळ बाकाकडे परतली, इतकाच अर्थ. अशा ठिकाणी फटीत कागदाची किंवा पातळ पत्र्याची चकती सारावी आणि मग आवळावे. दोन टोकांना दोन क्लॅम्प लावण्यापेक्षा पट्टीच्या मागच्या भागावर पूर्ण लांबीची एक दाबपट्टी ठेवून ती चार-पाच ठिकाणी सारख्या जोराने आवळणे कितीतरी चांगले.

कटरविषयी एकच प्रश्न विचारतो : खाच एका फेरीत पाडलीत की टप्प्याटप्प्याने?

खाचकरी

तीन टप्प्यांत पाडली, कारण कटर इतका पातळ आहे की एकदम १० मिमी खोल घालण्याचे धाडस झाले नाही.

जुना फिटर

पातळ कटरला धाडस करूनच वापरावे लागते. खोली १० मिमी असताना ६३ मिमी व्यासाच्या कटरचा सुमारे ४७ अंशांचा कंस धातूत असतो. कटरला ४८ दात असतील तर एका वेळी सहा दात कापत असतात आणि तबकडीला दोन्ही बाजूंनी खाचेच्या भिंतींचा आधार मिळतो. ३ मिमी खोलीला जेमतेम तीन दात आत असतात. पुढचा टप्पा घेताना तबकडी पहिल्या खाचेच्या भिंतींना घासत जाते आणि पहिल्या टप्प्यातला लहानसा तिरकसपणा पुढच्या टप्प्यात वाढतो.

लेथवाला

इथे माझे मत थोडे वेगळे आहे. फिटरकाकांचे गणित बरोबर आहे, पण ते मशीन भक्कम आहे असे धरून मांडलेले आहे. लहान मशीनच्या स्पिंडलवर आणि आर्बरवर मिळून कटर ०.०२-०.०३ मिमी तरी हेलकावतोच. असा कटर फिरताना सलग आवाज न येता प्रत्येक फेऱ्याला एकदा ‘खर्र’ असा आवाज येतो, कारण ४८ दातांपैकी मोजकेच दात खरे काम करत असतात. मिनिटाला १५० फेरे, ४८ दात आणि दर दाताला ०.००५ मिमी असा हिशेब केला तर फीड (पट्टी कटरकडे सरकवण्याचा वेग) मिनिटाला ३६ मिमी येतो आणि २५० मिमीची खाच सात मिनिटांत होते. कागदावर हा फीड अगदी हलका दिसतो. पण एका फेऱ्याचा ०.२४ मिमीचा सगळा भार पाच-सहा दातांवर आला, तर पूर्ण खोलीत कटर तडकण्याची भीती खरी आहे.

म्हणून माझा क्रम असा : आधी आर्बर डायल इंडिकेटरने (सूक्ष्म हेलकावा दाखवणाऱ्या घड्याळी मापकाने) तपासून कटर वेगवेगळ्या स्थितींत फिरवून बसवावा आणि सर्वांत कमी हेलकावा मिळेल तिथे आवळावा. मग वाया गेलेल्या तुकड्यावर पूर्ण खोलीची एक खाच पाडून पाहावी. आवाज सुसह्य असेल तर एकाच फेरीत काम करावे, नसेल तर फीड निम्म्यावर आणावा. टप्पे हा माझ्या दृष्टीने शेवटचा पर्याय आहे, पण तो निषिद्ध नाही.

आणखी दोन गोष्टी. कमी दातांचा कटर मिळाला तर तोच घ्यावा, कारण खोल खाचेत पितळेचा कीस दातांच्या पोकळीत कोंबला गेला की कटर बाजूला ढकलला जातो. पितळ कोरडे कापता येते हे खरे, परंतु या खाचेत कीस बाहेर काढण्यासाठी थोडे पातळ तेल आणि सतत फिरता ब्रश हवाच. ब्रश कटर जिथून बाहेर पडतो त्या बाजूलाच धरावा, आत शिरण्याच्या बाजूला नव्हे. आणि टेबलाच्या स्क्रूत ढिलाई असेल, जी घरगुती मशीनमध्ये असतेच, तर फीड कटरच्या फिरण्याच्या विरुद्ध दिशेनेच द्यावा. नाहीतर कटर जॉबला (कापायच्या वस्तूला) स्वतःकडे खेचून घेतो आणि अर्ध्या क्षणात तुटतो.

घडीवाला

खाच, खाच आणि खाच! एवढा आटापिटा कशासाठी, असा प्रश्न विचारण्याची परवानगी असावी. शेफील्डच्या जुन्या करवतींच्या पाठी बहुतांशी पत्रा दुमडून केलेल्या असत आणि त्या करवती आजही चालतात. दुमडलेली पाठ पात्याला स्प्रिंगसारखी चिमटीत धरते. पाते कालांतराने नागमोडी झाले तर पाठीवर हलका ठोका देऊन किंवा ती एका टोकाला थोडी वर-खाली सरकवून पाते पुन्हा ताणता येते. खाचेत चिकटवलेल्या पाठीत ही सोय उरत नाही.

वजनाविषयीही एक गैरसमज आहे. आपली ६ × १९ × २५० मिमीची पट्टी म्हणजे साडेअठ्ठावीस घनसेंटिमीटर. पितळेची घनता ८.५ धरली तर सुमारे २४० ग्रॅम. तीच पोलादाची केली तर सुमारे २२५ ग्रॅम होईल. म्हणजे ‘पितळ जड म्हणून चांगले’ या म्हणण्यात पंधरा-वीस ग्रॅमांपलीकडे तथ्य नाही. पितळ चांगले ते गंजत नाही आणि सहज कापले जाते म्हणून. उलट २ मिमी पत्रा दुमडून १६ मिमी उंचीची पाठ केली तर ती सुमारे १३५ ग्रॅमची होते, आणि डोव्हटेलसारख्या (पक्ष्याच्या शेपटीच्या आकाराच्या लाकडी सांध्यासारख्या) बारीक कामाला मला ती अधिक हातात बसणारी वाटते.

मात्र पत्रा निवडताना एक काळजी घ्यावी लागते. फ्री-कटिंग पितळ दुमडायला गेलात तर ते घडीवर तडकते, कारण जे शिसे कीस सुटा पाडते तेच वाकताना दगा देते. दुमडण्यासाठी ७० टक्के तांबे आणि ३० टक्के जस्त असलेले पितळ घ्यावे आणि घडीच्या रेषेवर मंद लालसर होईपर्यंत तापवून नरम करावे. शेगड्यात (व्हाइसमध्ये) आधी काटकोनात वाकवावे, मग पात्यापेक्षा किंचित पातळ पत्र्याची पट्टी आत ठेवून लाकडी ठोकणीने दोन्ही बाजू एकमेकींवर आणाव्यात आणि शेवटी लांब सरळ जबड्यांमध्ये दाबून घडी पूर्ण करावी. पहिल्या घडीत पत्रा पिळवटतो. दुसरी बरी येते.

नवशिक्या

माझ्याकडे मिलिंग मशीन नाही, फक्त लेथ आहे. मग मी थेट घडीच्या पाठीकडेच वळावे का?

लेथवाला

वळायला हरकत नाही. लेथच्या क्रॉस-स्लाइडवर (आडव्या सरकणाऱ्या बैठकीवर) उभी स्लाइड बसवून आणि कटर चकमधल्या (जबड्यांच्या फिरत्या पकडीतल्या) आर्बरवर लावून खाच पाडता येते, पण क्रॉस-स्लाइडची चाल लहान लेथवर शंभर-सव्वाशे मिमीच्या पुढे सहसा जात नाही. २५० मिमीसाठी पट्टी मध्येच सोडून पुन्हा धरावी लागते, आणि तिथे हमखास पायरी येते. तुम्ही पाठ घडीची करा आणि लेथ बोल्ट-नटांसाठी वापरा. ते काम लेथचेच आहे.

बोल्ट-नटांची माझी पद्धत सांगतो, कारण त्यावर फारसे कोणी लिहीत नाही. जुन्या पद्धतीच्या करवतीत एका बाजूला गोल डोक्याचा बोल्ट आणि दुसऱ्या बाजूला तेवढ्याच व्यासाचा, तोंडावर आरपार चीर असलेला नट असतो. डोक्याखालचा बोल्टचा दांडा चौकोनी ठेवतात, म्हणजे नट आवळताना बोल्ट लाकडात फिरत नाही. मी डोक्याचा व्यास १२.५ मिमी आणि आटे एम ५ (५ मिमी व्यासाचे) ठेवतो.

१४ मिमी गोल पितळी सळई चकमध्ये धरून डोके १२.५ मिमीला कातावे, त्यापुढचा दांडा ७ मिमीला आणि टोकाकडचा आट्यांचा भाग ४.९ मिमीला आणावा. पितळेसाठी टूलचा वरचा उतार शून्य ठेवावा. पोलादासाठी घासलेले टूल पितळेत घुसते आणि जॉब उचलते. ड्रिललाही हेच लागू आहे, म्हणून ड्रिलच्या दोन्ही कापणाऱ्या धारा तेलदगडाने किंचित सपाट कराव्यात. आटे पाडताना डाय (बाहेरचे आटे पाडणारे हत्यार) टेलस्टॉकच्या, म्हणजे चकसमोरच्या टोकाच्या, धारकात धरून चक हाताने फिरवावा. मशीन चालू करून डाय लावण्याचा मोह आवरावा, कारण खांद्याशी पोचल्यावर थांबायला वेळ मिळत नाही.

चौकोनासाठी बोल्ट चौकोनी कोलेट-ब्लॉकमध्ये (गोल सळई आवळून धरणाऱ्या ठोकळ्यात) धरून चारही बाजूंनी १ मिमी काढले की ७ मिमी गोलाचा ५ मिमी चौकोन होतो आणि त्याचे कोपरे जवळजवळ पूर्ण तीक्ष्ण येतात. मिलिंग मशीन नसेल तर हेच काम कानशीने होते. चकच्या जबड्यांचा आधार घेऊन चार स्थिती पक्क्या करायच्या. चौकोनाची लांबी ४ मिमी पुरे, म्हणजे तो लाकडातच राहतो आणि पात्यापर्यंत पोचत नाही. मुठीत ६ मिमीचे छिद्र पाडले की चौकोनाचे कोपरे प्रत्येकी अर्धा मिमी लाकडात रुततात. लाकूड फार कठीण असेल तर त्या चार जागा अरुंद छिन्नीने आधीच टोचून घ्याव्यात, नाहीतर मूठ तडकेल.

नटासाठी ४.२ मिमीचे ड्रिल आणि एम ५चा टॅप (आतले आटे पाडणारे हत्यार) वापरावा, पार्टिंग टूलने ४ मिमी जाडीचा नट वेगळा करावा, आणि तोंडावरची चीर सगळे नट एकाच सळईवर असतानाच, म्हणजे प्रत्येक नट कापून काढण्यापूर्वी पाडावी. सुटा नट धरून चीर पाडणे हा मनस्ताप आहे. बोल्टचे टोक नटाच्या मधून वर येत असल्यामुळे साधा स्क्रूड्रायव्हर चालत नाही, म्हणून रुंद सपाट पोलादी पट्टीच्या मधोमध ६ मिमीची खोबण घासून आवळणी बनवावी लागते. ती आवळणी आधी बनवावी. नट साध्या स्क्रूड्रायव्हरने एकदा खरवडला की त्याची शोभा परत येत नाही.

धातुशोध

पात्यातील छिद्रांविषयी. ५० रॉकवेलच्या पोलादात साधे हाय-स्पीड ड्रिल दोन सेकंदांत निळे पडते, आणि त्याहून वाईट म्हणजे घासल्यामुळे छिद्राच्या तळाचे पोलाद आणखी कडक होते. इथे अखंड कार्बाइडचे ड्रिल हवे. पाते दोन साध्या पोलादी किंवा कठीण लाकडी पट्ट्यांमध्ये सँडविचसारखे आवळून, ड्रिल प्रेसवर, ठाम पण सावकाश दाबाने छिद्र पाडावे. खालून आधार नसेल तर ड्रिल बाहेर पडताना पात्याची कड फाटते आणि कार्बाइडचे टोक तुटते.

अर्धा मिमी जाडीचे पाते हातात धरून कधीही छिद्र पाडू नये. ड्रिल अडकले की पाते पंख्याच्या पात्यासारखे फिरते, आणि त्याची कड बोटापर्यंत नव्हे, हाडापर्यंत जाते. हातमोजे इथे मदत करत नाहीत. उलट फिरत्या भागात ते आधी अडकतात.

छिद्रांची जागा मापाने आखू नये. मुठीतील छिद्रे आधी पाडावीत, पाते मुठीच्या चिरेत त्याच्या अंतिम जागी बसवावे, टोकदार ड्रिल मुठीतून हाताने फिरवून पात्यावर खूण घ्यावी आणि मगच पाते बाहेर काढून छिद्र पाडावे. पात्यातील छिद्र आट्यांच्या व्यासाहून पाव मिमी मोठे ठेवले तर बोल्ट ओढूनताणून घालावा लागत नाही.

नवशिक्या

पाठ खाचेची असेल तर पाते चिकटवावे की नुसते ठोकून बसवावे?

धातुशोध

खाच पात्याहून ०.०२-०.०३ मिमी रुंद झाली असेल, आणि कटरच्या हेलकाव्यामुळे ती सहसा होतेच, तर दंडगोल भाग पक्के करण्यासाठी मिळणारे हवाबंद जागेत घट्ट होणारे रसायन वापरावे. हवा नसलेल्या जागी धातूच्या संपर्कात ते घट्ट होते, आणि पितळेतील तांब्यामुळे ते अपेक्षेहून लवकर पकडते. म्हणून रसायन लावल्यावर पाते इकडेतिकडे सरकवत बसायला फार वेळ मिळत नाही. दोन्ही पृष्ठभाग आधी ॲसिटोनने पुसावेत. पुढे पाठ काढावी लागली तर २५० अंशांच्या आसपास तापवल्यावर ही पकड सैल होते, आणि तेवढ्याने पात्याचा टेम्पर उतरत नाही. घडीवाला यांचा आक्षेप तेवढ्यापुरता कमी होतो.

घडीवाला

कमी होतो, संपत नाही. हलका ठोका आणि २५० अंशांची भट्टी या दोन्ही सारख्याच सोयी आहेत असे आपण म्हणत असाल तर माझी हार मान्य.

खाचकरी

सर्वांचे आभार. तिसरी पट्टी कापून झाली, म्हणून मोजमापे लिहितो.

पट्टी तासभर २६० अंशांवर तापवून रात्रभर थंड होऊ दिली. तपासल्यावर एका टोकाखाली ०.१५ मिमीची फट सापडली. तिथे पत्र्याची चकती सारली आणि पूर्ण लांबीच्या दाबपट्टीखाली पट्टी धरली. कटरचा हेलकावा चार वेळा बसवून पाहिल्यावर ०.०६ मिमीवरून ०.०२ मिमीवर आला. २४ दातांचा कटर घेतला, खोली एकाच फेरीत पूर्ण दिली आणि फीड मिनिटाला १५ मिमी ठेवला, म्हणजे सतरा मिनिटे ब्रश हातात धरून उभे राहावे लागले. ‘खर्र’ हा आवाज शेवटपर्यंत राहिला, पण कटर टिकला. क्लॅम्प सोडल्यावर बाक ०.१ मिमीच्या आत आहे आणि ०.५० मिमीचा फीलर खाचेत पूर्ण लांबीभर सारख्याच जोराने सरकतो, ०.५५चा कुठेच शिरत नाही.

पाते रसायन लावून बसवले आणि दात्यांची कड सरळ आली. बोल्ट लेथवाला यांच्या क्रमाने केले. पहिल्या दोन नटांच्या चिरा मध्यापासून सरकल्या, कारण चीर पाडताना सळई चकमध्ये किंचित फिरली होती. ते नट पुन्हा करायचे आहेत. पात्यातील तिसरे छिद्र खूण घेताना ड्रिल तिरके धरल्यामुळे ०.४ मिमी बाजूला गेले आहे, आणि ते हिऱ्याच्या बारीक कानशीने एका बाजूला लांबवतो आहे. दोन तासांत पाव मिमी सरकले आहे.